एका आकड्याची चूक

“पी गं ताई, अजून एक,” बुटकीनं तिसरी बाटली तिच्या हातात कोंबली. बुटकी संघातली सगळ्यात हलकी पोर.

ताईला पाणी गिळवेना. सत्तावन्न किलोच्या गटात बसायला तिनं आठ दिवस उपाशी राहून, थेंब थेंब घाम गाळून वजन उतरवलं होतं. आणि दुपारी यादी लागली, तर नाव त्रेसष्टच्या गटात! दुरुस्तीची मुदत संपलेली. आता वजन सत्तावन्नच्या वर भरलं नाही, तर तिथूनही बाद. वजन द्यायला वीस मिनिटं उरली होती.

सोळा वर्षं जुडो. दोन्ही गुडघे शिवलेले, कान चुरगळलेले. तेहेतिसाव्या वर्षी परत कोण पाठवणार होतं असं परदेशी स्पर्धेला?

नावं भरली होती संघटनेच्या सेक्रेटरीनं. कोचचं तिकीट कापून हाच आला होता मिरवायला. आता तो एक कागद घेऊन आला.

“ह्यावर सही ठोक, पोरी. ‘माझ्या विनंतीवरून गट बदलला.’”

“मी कधी केली विनंती?”

“अगं, एक आकडा चुकला माझा. वर मला जाब विचारतील ना!”

“आणि मी कुणाला विचारू, सर?”

“सही नाही, तर नाव मागे घेतो. जा घरी, भांडी घास.”

“घ्या मागे. का घेतलं ते लिहून द्या. तुमच्या सहीनं.”

सेक्रेटरीचं तोंड कडू झालं. बुटकी फिसकन हसली. बायकांच्या वजनाच्या खोलीत पुरुषांना मज्जाव. ताई आत गेली, सेक्रेटरी कागद धरून दारात राहिला.

सत्तावन्न किलो, शंभर ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी लढतीत समोर आली ती पाच किलोनं जड. कोचच्या खुर्चीतून सेक्रेटरी बोंबलत होता, “अगं पाड, पाड तिला!” जसं काही माळ्यावरून बोचकं पाडायचंय. तीन मिनिटं ताई हटली नाही. मग कुशीवर आदळली. त्या बाईनं उताणी करून वीस सेकंद दाबून धरली. खेळ खलास.

ताईनं पट्टा नीट बांधला, वाकून नमस्कार केला आणि गादीवरून उतरली. सेक्रेटरी कागद घेऊन हजरच.

“हरलीसच ना? आता काय फरक पडतो? कर सही. पुढच्या वर्षी कोच म्हणून चिकटवतो तुला.”

बुटकीनं मान खाली घातली. ताईनं पेन घेतलं. ‘माझ्या विनंतीवरून’ हे शब्द सावकाश खोडले. वर लिहिलं, ‘सेक्रेटरींच्या चुकीमुळे’. खाली पूर्ण नाव.

लढतीतल्या पकडीनं आखडलेली बोटं अजून सरळ होत नव्हती. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं.