चेहऱ्याचा उपास

"चेहऱ्याकडे बघायचं नाही. बायामाणसं बुजतात. मान खाली घालून ऐकायचं आणि हातात ट्यूब ठेवायची."

औषधांच्या दुकानाच्या जुन्या मालकांनी पहिल्याच दिवशी दिलेली ही शिकवण काकांनी बावीस वर्षं नेमासारखी पाळली. मालक देवाघरी गेले, काउंटर काकांकडे राहिलं. बायका त्यांना ‘निम्मे डॉक्टर’ म्हणून चिडवत, आणि काका मान वर न करताच हसत. पुरळ म्हटलं की निळ्या टोपणाची ट्यूब. डॉक्टरची चिठ्ठी कोण मागतंय?

लेकीलाही त्यांनी तीच दिली. ती बहिऱ्या मुलांची शिक्षिका. तिचे ओठ बघून मुलं शब्द ओळखायची. नाकाच्या कडांना आणि तोंडाभोवती बारीक लाल पुरळ उठलं. ट्यूबने तीन दिवसांत गेलं, थांबवली तसं दुपटीने उसळलं. मग पुन्हा ट्यूब. चार महिने हेच रहाटगाडगं. शेवटी ती मास्क लावून वर्गात गेली, आणि मुलं नुसती तिच्याकडे बघत बसली. शाळेने रजेवर पाठवलं.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी तिला खिडकीशी बसवून बराच वेळ न्याहाळलं. ओठांलगतची बारीक कड तेवढी स्वच्छ होती, भोवती सगळा लाल दाणा. ट्यूब कुणी दिली, असं त्यांनी विचारलं.

"मी," काका म्हणाले.

बाई रागावल्या नाहीत, त्याचंच काकांना जास्त लागलं. ही ट्यूब स्टेरॉइडची, ती पुरळ बरं करत नाही, दाबून ठेवते, आणि तीच ते पोसते, एवढं बाईंनी समजावलं. सहा आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या, टूथपेस्ट बदलायला सांगितली. "चेहऱ्याला आता उपास. क्रीम नाही, पावडर नाही, नुसतं पाणी. पहिले दोन आठवडे आणखी बिघडेल. तिथेच माणसं कच खातात आणि परत ट्यूब लावतात."

नवव्या दिवशी लेकीची हनुवटी सुजून लालबुंद झाली. जेवताना तोंड उघडलं तरी आग होई. आरशापुढून न हलता ती म्हणाली, "बाबा, एकदाच द्या. आजच्यापुरती."

ट्यूब दुकानाच्या पिशवीत होती. हात लांबवला की झालं. काकांनी पिशवी उचलून फळीवर उंच ठेवली आणि तिच्याजवळ येऊन बसले.

तिने विचारलं, "आणखी कुणाकुणाला दिलीत?"

काकांना एका गिऱ्हाईक बाईंचा आवाज आठवला. दोन वर्षं, दर महिन्याला तीच ट्यूब मागणारा. पावलं आठवली, डाव्या चपलेचा निळ्या दोऱ्याने शिवलेला पट्टा आठवला. चेहरा मात्र आठवेना, कारण तो पाहिलाच नव्हता. गेल्या खेपेला पदराआडून त्या म्हणाल्या होत्या, "आता बाहेर पडवत नाही हो काका, दोन द्या." काकांनी मान खाली घालून तीन दिल्या होत्या, वर "असू दे, उपयोगी पडेल" म्हणाले होते.

हे सगळं त्यांनी सांगितलं. लेकीने ऐकून घेतलं. "मी ट्यूब मागणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना जाऊन सांगा. चुकलो म्हणून सांगा. आणि डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जा."

"जातो."

"तोंडाकडे बघून सांगा, बाबा."

त्या बाई दुकानामागच्या गल्लीत राहतात, एवढंच काकांना माहीत होतं. घर कुठलं, नाव काय, कधी विचारलंच नव्हतं. डॉक्टरबाईंचा पत्ता त्यांनी कागदावर उतरवून खिशात ठेवला, लेकीच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि दार हलकेच ओढून घेतलं.

मागच्या गल्लीत शिरून, एकेका उंबऱ्याबाहेरच्या चपला बघत, ते निळा दोरा शोधत निघाले.