घासलेली कड

"सही करा ना बाबा. मालक चावी घेऊन थांबलेत," असं म्हणत जावयाने चिठ्ठी माझ्या गुडघ्यावर ठेवली.

मी त्याच्या लहान गाडीचं मागचं चाक हाताने फिरवत होतो. आमच्या ट्रॅकवरची पद्धत जुनी आहे. शिकणाऱ्याने आधी तीनशे सीसीची मोटरसायकल चालवायची आणि टायरवाल्याने, म्हणजे मी, तिच्या टायरची कड पाहायची. वळणात गाडी पुरती झुकत असेल तर रबर अगदी कडेपर्यंत झिजतं. तसं दिसलं की मी सही करतो आणि मग त्याला हजार सीसीची चावी मिळते.

लहान गाडी खोटं बोलू देत नाही. वळणात घालवलेला वेग पुढे भरून काढायला तिच्यात ताकदच नसते, त्यामुळे वळण शिकावंच लागतं. मोठी गाडी सरळ रस्त्यावर सगळी पापं झाकते आणि एखाद्या वळणावर सगळी एकदम बाहेर काढते. अशा वळणावर पडलेली दोन माणसं मी उचलली आहेत.

कड झिजलेली होती. पण बोट फिरवलं आणि मला शिसारी आली. ट्रॅकवर तापून झिजलेलं रबर चिकट असतं, त्याच्या बारीक सुरळ्या होतात. ही कड कोरडी होती आणि तिच्यावर करपलेलं पातेलं घासावं तसे ओरखडे होते.

"पॉलिश पेपर किती नंबरचा होता, जावईबापू?"

"कसला पेपर?" तो शेजारी उभ्या ट्रॅकच्या मालकांकडे बघून हसला.

"काका, ताणू नका," मालक म्हणाले. "घरचा माणूस आहे."

"घरचा आहे म्हणून तर."

"अहो, तीन महिने झाले. लोक हसतात त्याला. परवा इथे शिकायला येणाऱ्या त्या नर्सबाईंनीही वळणात आतून मागे टाकलं."

"मग त्यांना द्या चावी."

"त्या मागतच नाहीत."

मालकांनी चिठ्ठी उचलली आणि माझ्या सहीच्या रेघेवर स्वतःची सही ठोकली. पंचेचाळिसाव्या वर्षी मी अक्षरं गिरवली ती या एका रेघेसाठी. त्यांनी तिकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. खिशातून किल्ली काढून जावयाच्या हातावर ठेवली.

मुलगी नवऱ्याचं जॅकेट घेऊन दारात उभी होती. ती आत आली, खाली बसली आणि तिने टायरच्या कडेला बोट लावलं.

"रविवारी ओट्याखाली अशीच काळी भुकटी होती," ती म्हणाली. "विचारलं तर म्हणाले, गंज काढतोय. मीच झाडून काढली."

"तुला काय कळतंय त्यातलं?" जावई म्हणाला.

"भुकटी कळते."

जावयाने मोठी गाडी बाहेर काढली. तिची हवा तपासणं माझं काम. मला सगळ्यांचीच किळस आली होती: त्याची, मालकांची, आणि त्या गाडीपुढे निमूट टेकलेल्या माझ्या गुडघ्यांचीही. तरी मी हवा दोनदा मोजली. गाडीवर माझ्या मुलीचा नवरा बसणार होता.

मोजताना चाकाच्या व्हॉल्व्हचं टोपण काढून मी मुलीच्या हातात दिलं होतं. एवढंसं धातूचं टोपण, पण गाडी फार वेगात असली की व्हॉल्व्हमधून हवा निसटते, म्हणून त्याच्याशिवाय मोठी गाडी कुणी ट्रॅकवर सोडत नाही. मालकसुद्धा नाही.

हवा बरोबर झाली. टोपणासाठी मी हात पुढे केला. मुलीने मूठ उघडली नाही.

"दे गं, ट्रॅकवरची माझी पाळी जाईल," जावई म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. "बाबा, दुसरं लावा की."

माझ्या लाकडी खोक्यात तसली चाळीसएक टोपणं होती. मी खोक्याचं झाकण लावलं आणि त्याच्यावर बसलो.