ह्यांचं मान डोलावणं

नवरा एकाएकी गोड वागायला लागला की बायकोने सावध व्हावं, असं माझी आई म्हणायची. गेले सहा महिने आमचे हे माझ्या प्रत्येक बोलण्याला 'हो' म्हणत होते. ज्या माणसाने जन्मभर आमटीतल्या मिठावरूनही वाद घातला, तो एकदम गरीब गाय झाला. फोन वाजला की उचलायचा नाही. मी उचलला की गॅलरीत निघून जायचं. त्यात चालता धंदाही बंद केला. पियानो आणि पेट्या सुरात लावण्यात ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण एके दिवशी सगळी गिऱ्हाइकं मागच्या गल्लीतल्या हाडवैऱ्याकडे पाठवून हे मोकळे झाले. कारण काय, तर कंटाळा आला म्हणे. कुठेतरी पाणी मुरत होतं. दुसरी बाई, दुसरं काय असणार!

मग हे प्रवासाला चल म्हणाले. एका जुन्या चर्चमधला ऑर्गन एकदा ऐकायचा, हे ह्यांचं तरुणपणापासूनचं वेड. आत्ताच जाऊ, नंतर उपयोग नाही, असं पुटपुटले. नंतर का उपयोग नाही, ते विचारलं तर 'हो हो' म्हणाले.

चर्चच्या दारातल्या बाईने माहिती सांगणारं यंत्र दिलं. प्रत्येक खांबावर आकडा होता; तो दाबून यंत्र कानाला लावायचं. मी घेतलं नाही. कानाशी लागून कुणी बोललेलं मला खपत नाही. हे मात्र खांबाखांबाशी थांबून गंभीरपणे मान डोलवत होते. आत मेणाचा वास होता, रंगीत काचांचा उजेड फरशीवरच्या थडग्यांवर पडला होता, पण माझं लक्ष ह्यांच्यावर. निळ्या स्कार्फवाल्या एका बाईने ह्यांना काही विचारलं. हे गोड हसले आणि मान डोलावली. ती चिडून, ह्यांना वळसा घालून पुढे गेली. मी तेही मनात टिपून ठेवलं.

शेवटी एका संताच्या पुतळ्यापाशी मी ह्यांना मागून गाठलं.

"एकदाच खरं सांगा. दुसरं कुणी आहे का?"

ह्यांनी पुतळ्याकडे बघत मान डोलावली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी यंत्र हिसकावलं. कसलं मेलं एवढं ऐकताय म्हणून कानाला लावलं, तर आत काहीच नव्हतं. आकडे दाबले, हलवून पाहिलं. यंत्र पहिल्यापासून बंदच होतं.

"काय ऐकत होतात तुम्ही?" मी विचारलं. हे माझ्या ओठांकडे बघत राहिले. सहा महिने हे नजर चुकवतात असं मी म्हणत होते. ते माझे ओठ वाचत होते.

तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला. पायाखालची फरशी थरथरली. सगळी माणसं वर बघायला लागली, म्हणून ह्यांनीही वर पाहिलं.

"सुरू झाला?" ह्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. रडू यायच्या आधी मला रागच आला. सवत परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

"उजवा कान आधी गेला," हे म्हणाले. "डावा इथवर आणायचा होता. गेल्या आठवड्यात त्यानेही हात टेकले." मग लहान मुलासारखं विचारलं, "सुरात आहे का गं?"

सुराशी माझा छत्तीसचा आकडा. मला देवळातली घंटा आणि दारावरची बेल सारखीच. पण मी ह्यांच्या समोर आले, तोंड नीट दिसेल अशी उभी राहिले आणि सावकाश म्हणाले, "वरची एक पट्टी जराशी उतरलीय."

ह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काहीतरीच काय. एवढा मोठा ऑर्गन, आणि उतरलेला ठेवतील? तुला काय कळतंय त्यातलं?"

"मग तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

आणि ऑर्गन थांबेपर्यंत, तिथल्या तिथे, सहा महिन्यांनी हे माझ्याशी भांडत राहिले.