टाचेजवळचा हिरवा रंग

टूवाने उजवा पाय बाकाखाली आखडून घेतला आणि स्केटची नाडी आणखी घट्ट ओढली.

"काढ तो," मायब्रिट म्हणाली. "गोलच्या खांबाला आपटलीस तेव्हा ठिणगी उडाली. मला इथून दिसली."

"चालेल गं. वीसच तर मिनिटं राहिलीत."

"वीस मिनिटं काय एका पायावर खेळणार आहेस? काढ म्हणते ना."

खोलीत ओल्या चामड्याचा आणि संत्र्यांचा वास कोंडला होता. हेडनासच्या सतरा मुली भिंतीलगतच्या बाकांवर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांतल्या थोरलीला दोन मुले होती, पण मायब्रिटच्या लेखी त्या सगळ्या मुलीच. आइस हॉकीचा सामना लोमवीकविरुद्ध, त्यांच्याच रिंकवर चालू होता. दोन-दोन अशी बरोबरी होती, आणि आज हरले तर हेडनास खालच्या गटात जाणार हे लहान पोरालाही ठाऊक होते. प्रशिक्षक जे ओरडायचे ते ओरडून बाहेर गेला होता. शेवटच्या विश्रांतीची पंधरा मिनिटे सुरू झाली होती.

मायब्रिट एकाहत्तर वर्षांची होती. उमेदीची वीस वर्षे तिने लाकडाच्या गिरणीत थरथरणारी करवत धरण्यात घालवली आणि त्यानंतरचे एकतीस हिवाळे या संघाच्या स्केटना धार लावण्यात. करवतीने तिला एक आठवण मागे ठेवली होती. थंडीत तिच्या बोटांची टोके पांढरी पडत आणि मग त्यांना काही म्हणता काही कळत नसे. हे तिने कुणाला सांगितले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात क्लबच्या समितीने ठरवले होते की यापुढे स्केट शहरातल्या दुकानात पाठवायचे, तिथे नवे यंत्र आहे. तेव्हा बैठकीत टूवा उठून उभी राहिली होती आणि तिच्यामागे सगळा संघ. मायब्रिट नाही तर आम्हीही नाही, असे त्यांनी सांगितले आणि समितीने माघार घेतली. आणि खरेच, या हिवाळ्यात एकाही मुलीची तक्रार आली नव्हती. आपले हात अजून शाबूत आहेत, याला मायब्रिटकडे तेवढा एकच पुरावा होता आणि तो तिला पुरत होता.

टूवाने शेवटी स्केट काढला. मायब्रिटने तो मांडीवर उलटा धरला. पुढच्या बाजूला आतली कड इंचभर गेली होती. तिने सवयीने अंगठ्याचे नख पात्यावरून मागेपर्यंत ओढत नेले आणि टाचेपाशी आल्यावर ती थांबली.

टाचेजवळ, पाते जिथे संपते तिथे, बारीक हिरवी रेघ होती.

ती रेघ कुणाची हे तिला सांगायला नको होते. अख्ख्या नदीकाठी एकच माणूस असे करायचा. लोमवीकचा धार लावणारा एव्हर्ट आधी पात्यावर हिरवी शाई फिरवायचा, मग दगड लावायचा. जिथे शाई राहिली तिथे दगड पोचला नाही, असा त्याचा हिशेब. वर पितळेची पट्टी पात्यावर आडवी ठेवून, उजेडात धरून, दोन्ही कडा सारख्या उंचीच्या आहेत की नाहीत हे बघत बसायचा. मायब्रिटचा विश्वास नखावर. तीस वर्षे ती त्याला रंगारी म्हणत आली होती. ज्याच्या हाताला कळत नाही त्याने रंगवावं, असे ती त्याला येता-जाता ऐकवायची. मग तुला डोळे काय शोभेला दिलेत का, असे तो विचारायचा.

तिने मान वर केली. समोर चौतीस पाय होते, एकात नुसता मोजा. तिची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. प्रत्येक टाचेपाशी हिरवे होते. कुणीतरी पाय मागे ओढले, मग शेजारणीने, आणि बघता बघता सगळे पाय बाकाखाली गेले. संत्री चोखण्याचा आवाज बंद झाला.

"कधीपासून?" मायब्रिटने विचारले.

टूवा संघाची कप्तान होती, तेव्हा उत्तर तिनेच द्यायचे होते.

"ऑक्टोबरपासून."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे. मी रोज लोमवीकला दवाखान्यात कामाला येतेच. बुधवारी तू धार लावतेस. गुरुवारी मी स्केट डिकीत टाकून आणते, तो दुपारपर्यंत करून देतो. टाच पुसूनही देतो. या आठवड्यात बर्फाने रस्ता बंद होता, म्हणून आज सकाळी घाईघाईत..."

"तरीच तू बसने आली नाहीस."

"हो."

गोल सांभाळणारी सिग्रिड एरवी तोंडावर येणाऱ्या चकतीलाही डोळे मिटत नसे. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मागच्या हिवाळ्यात वळताना आम्ही सगळ्या एकाच बाजूला पडायचो, मायब्रिट. कोचला वाटलं आमच्या कंबरा कच्च्या आहेत. दोन महिने उठाबशा काढायला लावल्या त्याने."

कोपऱ्यातून कुणाला तरी हसू फुटले आणि लगेच दाबले गेले.

मायब्रिटचे कान तापले होते. ती स्केट घेऊन उठली.

"कुठे निघालीस?" टूवाने विचारले.

"धार लावायला. आणखी कुठे?"

बाहेर बोळात तिचे फिरतीवरचे यंत्र टेबलावर मांडलेले होते. तिने बटणावर हात ठेवला. बोटांची टोके खडूसारखी पांढरी होती. लाज वाटत होती, रागही आला होता, पण राग नेमका कुणावर काढायचा ते तिला कळेना. जिच्यासाठी सतरा जणी समितीपुढे उठल्या आणि मग गपचूप आपले स्केट दुसऱ्याच्या दारात पाठवत राहिल्या, त्या बाईने रागवायचे तरी कुणावर. तिने बटणावरचा हात काढला आणि ती पुढे चालू लागली. सॉसेजसाठी लागलेल्या रांगेतून वाट काढत, कुणाकुणाला कोपर लावत, बोळाच्या पार टोकाला, लोमवीकवाल्यांच्या बाजूला गेली.

एव्हर्टच्या खोलीचे दार उघडेच होते. वरच्या ओठाखाली तंबाखूची पुडी दाबून तो रेडिओवर दुसऱ्याच गावचा सामना ऐकत बसला होता.

"काय रंगारी," ती सवयीने म्हणाली.

"बोल म्हातारे."

तिने स्केट त्याच्यापुढे ठेवला, पाते वर, टाच त्याच्याकडे. एव्हर्टने पाहिले आणि रेडिओ बंद केला.

"शाई पुसायचं स्पिरिट संपलं होतं," तो म्हणाला.

"ते कळलं. टूवाची आतली कड गेलीय. दहा मिनिटं आहेत."

भिंतीपलीकडे त्याच्या संघातल्या मुली घोषणा देत होत्या. हेडनासला बुडवायचे, असाच त्यांचा एकूण आशय होता. एव्हर्टने एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा स्केटकडे, आणि कानावरून हिरवे पेन काढले. त्याने पाते टोकापासून टाचेपर्यंत रंगवले, शिकंज्यात अडकवले आणि दगड सुरू केला. तीस वर्षांत मायब्रिटने त्याला काम करताना पाहिले नव्हते. त्याचा हात हलका होता, हे तिला कबूल करावे लागले.

"का केलंस?" दगडाचा आवाज कमी झाल्यावर तिने विचारले.

"टूवा आली होती सांगायला. समोर उभी राहून रडायला लागली. मग माणूस काय करणार?"

"टूवा रडत नाही."

"मग मीच रडलो असेन." त्याने पाते उजेडात धरून पाहिले. "तू घरी बसलीस, तर मला रंगारी कोण म्हणणार? त्या दुकानातली पोरं? त्यांना माझं नावही माहीत नाही."

"आज तुझा संघ हरेल अशानं."

"हरला तर हरला. पण तुझ्या वाकड्या धारेमुळे आम्ही जिंकलो, असं कुणी म्हटलेलं मला खपणार नाही."

त्याने पितळेची पट्टी पात्यावर आडवी ठेवली आणि स्केट तिच्यासमोर धरला. पट्टी अगदी सरळ बसली होती. मागच्या पांढऱ्या भिंतीवर ती स्वच्छ दिसत होती.

"दिसतंय?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या. चांगलं दिसतंय."

"मग?" एव्हर्ट म्हणाला. टाच पुसायला त्याने बाही पुढे केली, तेव्हा मायब्रिट म्हणाली, राहू दे तशीच. त्याने खांदे उडवले. मग खणातून एक नवे पेन काढले, ती पट्टी घेतली, आणि दोन्ही वस्तू रिकाम्या स्केटच्या पोटात टाकून स्केट तिच्या हातात दिला.

तिला काहीतरी म्हणायचे होते. पण तेवढ्यात तिकडे घंटा झाली.

टूवाने शेवटची चार मिनिटे उरली असताना गोल केला. गोलच्या मागून येऊन ती उजव्या पायावर इतक्या कमी जागेत वळली की लोमवीकची गोलरक्षक अजून डावीकडेच पाहत होती. तीन-दोन. हेडनासच्या बाकावर सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि मायब्रिट त्यांच्याखाली सापडली.

सामना संपला की दोन्ही संघ बर्फावर रांगा करून एकमेकींचे हात हातात घेतात आणि 'सामन्याबद्दल आभार' असे म्हणतात. हरलेल्यांनीही म्हणायचे, जिंकलेल्यांनीही. या रांगांच्या शेपटाला, साध्या बुटांत, घसरत-सावरत मायब्रिट आणि एव्हर्ट उभे राहत. सगळे आभार मानत असताना ती म्हणे रंगारी आणि तो म्हणे म्हातारी, की झाले यांचे आभार.

आज तिने हातमोजा काढला.

"आभारी आहे, एव्हर्ट," ती म्हणाली.

तो गडबडला. "सामन्याबद्दल ना?"

"ऑक्टोबरबद्दल. नोव्हेंबरबद्दल. डिसेंबरबद्दल..."

"पुरे, पुरे. माणसं बघतायत." पण तिचा पांढरा पडलेला हात त्याने लगेच सोडला नाही. दोन्ही तळव्यांत धरून जरा चोळला, आणि मगच सोडला.

परतीच्या बसमध्ये मुली जिंकूनही मान खाली घालून बसल्या होत्या. अर्ध्या वाटेवर मायब्रिट पुढच्या सीटवरून उठली आणि दांडा धरून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"मला आधी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला फाडून खाल्लं असतं," ती म्हणाली. "म्हणून नाही सांगितलंत, ते बरं केलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही. बुधवारी नेहमीसारखे स्केट आणून द्या."

"आणि गुरुवारी?" टूवाने विचारले. तिची गाडी दुसरेच कुणी चालवत आणत होते. परतताना ती सगळ्यांबरोबर बसमध्ये बसली होती.

"गुरुवारीही ने. त्याला दाखव."

बुधवारी मायब्रिट सकाळी सातला रिंकवर गेली. एरवी एका जोडाला चार मिनिटे लागत, आता जवळजवळ अर्धा तास लागू लागला. पाते रंगवायचे, दगड फिरवायचा, पट्टी ठेवायची, खिडकीशी जाऊन बघायची, मळसूत्र केसभर फिरवायचे, पुन्हा रंगवायचे. पहिल्या जोडाची पट्टी एका बाजूला सरळ सरळ झुकली. गेली दोन वर्षे ती अशीच झुकत असणार, फक्त तिने कधी ठेवून पाहिली नव्हती. तिने स्वतःला दोन सणसणीत शिव्या घातल्या आणि पुन्हा सुरुवात केली. अंगठ्याचे नख मधूनमधून आपण होऊन पात्याकडे जाई. ती त्याला मागे ओढी. सतरावा जोड झाला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि तिची बोटे, ओठ आणि कॉफीचा पेला असे सगळे हिरवे झाले होते.

गुरुवारी टूवा चारला आली. मायब्रिट धार लावायच्या खोलीत फडक्याने यंत्र पुसत होती. ते कधीच लख्ख झाले होते.

"काय म्हणाला?"

"बसून एकेक बघितला," टूवाने पिशव्या खाली ठेवल्या. "पट्टी ठेवून, उजेडात धरून. तासभर लागला. मला वाटलं, आता रागावतोय की काय."

"मग?"

"दोन जोड पुन्हा केले. सिग्रिडचे आणि माझे."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना हातच लावला नाही. म्हणाला, करायला काही नव्हतं."

मायब्रिट पिशव्यांपाशी वाकली. तिने एक स्केट उचलला, खिडकीकडे धरला, परत ठेवला. मग दुसरा उचलला.

"आणि हे तुला दिलंय." टूवाने खिशातून स्पिरिटची एक बाटली काढली. "म्हणाला, काम झालं की टाच पुसायची असते, एवढं त्या रंगारणीला सांग."

मायब्रिटने बाटली हातात घेऊन हलवून पाहिली. अर्धीच होती.

"कंजूष मेला," ती म्हणाली, आणि हातातल्याच फडक्याने तिने डोळे पुसले. तिच्या गालावर कानापासून नाकापर्यंत एक लांब हिरवा पट्टा उमटला. तो टूवाने पाहिला, पण तिला सांगितला नाही.