नावं न सांगणारा माणूस

"स्वतःची भांडी स्वतः घासतो म्हणे! सत्तरीचा बाप्या, एवढा मोठा साहेब, आणि कपबशीसुद्धा दुसऱ्याच्या हातात देत नाही. काय चिकटलेलं असतं हो त्या कपबशीला?"

वेणूबाई हे सिंकमधल्या पातेल्याशी बोलत होत्या. पण पातेल्यापासून चार हातांवर नीरजा शिवणयंत्रावर बसली होती, म्हणजे बोलणं तिलाच होतं. तिने ब्लाउजच्या बाहीवरून मान वर केली नाही. वेणूबाई ज्याच्याबद्दल बोलत होत्या तो वरच्या फ्लॅटमधला पोलिश माणूस तिचाच भाडेकरू होता, आणि महिनाअखेरीस त्याचा करार संपत होता. पुढचा करार करायचा की नाही, हे तिने आज रविवारी संध्याकाळपर्यंत सोसायटीला कळवायचं होतं.

खरं तर सोसायटीला काय त्याचं? पण कोथरूडमधली सोसायटी, तिला सगळ्याचंच काहीतरी असतं.

त्याचं नाव तादेउश. पहिल्याच दिवशी अण्णांनी, म्हणजे नीरजाच्या वडिलांनी, ते नाव तीनदा म्हणून पाहिलं आणि चौथ्यांदा "तात्या" करून टाकलं. तेव्हापासून सगळ्या बिल्डिंगचा तो तात्या. उंच, ताठ, गुडघे मात्र दोन्ही नवे, पुण्यातच बसवून घेतलेले. बायको गेलेली. आधी पोलंडच्या सैन्यात अधिकारी, नंतर वकिलातीत. कैरो, हनोई, शेवटी दिल्ली. त्याची आई लहानपणी, युद्धाच्या काळात, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत निर्वासित म्हणून राहिलेली. तिच्यावर त्याला काहीतरी लिहायचं होतं, आणि कोल्हापूरची एसटी स्वारगेटला मिळते, म्हणून तो पुण्यात.

आईकडून त्याला एकच वाक्य अस्सल आलेलं; बाकीचं मराठी इथे येऊन शिकलेलं, मोडकंतोडकं. जिन्यात कुणीही भेटलं, सकाळचे सात वाजलेले का असेनात, तो वाकून विचारायचा, "जेवलासा?"

"पोलंडचा माणूस कोल्हापुरी कसं बोलतो?" सेक्रेटरी मच्छिंद्र म्हणायचे. "ट्रेनिंग दिलेलं असतं, नीरजाताई. आधी सैन्य, मग वकिलात, आणि मग काय, तर लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये दुसरा मजला! नवे गुडघे घेऊन! तुम्हाला काही वाटत नाही?"

नीरजाला वाटत होतं. पण ते गुडघ्यांबद्दल नव्हतं.

अण्णा, म्हणजे सर्जेराव, वय ब्याऐंशी, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केलेले. रोज दुपारी चार वाजता ते कठडा धरून वर जायचे आणि तात्याबरोबर पत्ते खेळायचे. सात-आठ. एकाने सात हात करायचे, दुसऱ्याने आठ. दोनच माणसं लागतात. त्यात वाईट काही नव्हतं. पण अलीकडे पत्ते बाजूला पडलेले असायचे. अण्णा हळू आवाजात बोलायचे आणि तात्या एका तपकिरी वहीत लिहून घ्यायचा. नीरजा चहा घेऊन गेली की वही मिटायची. अण्णा म्हणायचे, "अगं, ठेव तिथे." आणि ती परत फिरेपर्यंत दोघे गप्प.

समोरच्या विंगमधल्या मच्छिंद्रांनी खिडकीतून हे दहा वेळा पाहिलं होतं. "खडकीत चौतीस वर्षं काढलेला माणूस सांगतोय आणि परदेशी माणूस लिहून घेतोय. मी आपलं पाहिलं ते सांगितलं. उद्या कुणी आलं चौकशीला, तर अण्णांना या वयात झेपेल का?"

हे वाक्य नीरजाच्या मनात सुईसारखं मोडून राहिलं होतं. भाडेकरूची सगळी कागदपत्रं तिने स्वतः पोलिसांत दिली होती, त्यात खोट नव्हती. पण अण्णा काय सांगतात? जे तिला सांगत नाहीत, असं काय?

विचार इथवर आला की ती यंत्राचं पेडल जोरात मारायची. कारण त्याच्या पुढे आणखी काही गोष्टी उभ्या होत्या. तांदळाच्या डब्यात सापडलेला चष्मा. दूध आणायला गेलेले अण्णा, आणि त्यांचा दंड धरून घरी आलेले मच्छिंद्र: "सहज भेटले वाटेत, म्हटलं बरोबर येऊ." फ्रीजमधून चप्पल काढून गुपचूप दाराशी ठेवणाऱ्या वेणूबाई. त्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. नीरजाही नाही. तात्यावर संशय घ्यायला मात्र सगळ्यांना भरपूर वेळ होता.

सव्वाचारला मच्छिंद्र आले. "चला. मी बरोबर येतो. वही बघायची, एवढंच."

दार तात्याने उघडलं. "या, नीरजाताई." तो तिचं नाव नेहमी नीट, एकेक अक्षर मोजल्यासारखं म्हणायचा. "मच्छिंद्रसाहेब. जेवलासा?"

"जेवलो," मच्छिंद्र कोरडेपणाने म्हणाले. "ती वही जरा दाखवा."

अण्णा खुर्चीत बसले होते. पुढ्यात सात-आठचे पत्ते वाटून ठेवलेले, उचललेले नाहीत. तात्याचा हात वहीवर गेला.

"वही माझा नाही," तो म्हणाला. "मी देऊ शकत नाही. मी शब्द दिली आहे."

"शब्द दिली आहे!" मच्छिंद्रांनी नीरजाकडे पाहिलं. "ऐकलंत?"

"तात्या," नीरजा म्हणाली, आणि आपला आवाज इतका पातळ का येतोय ते तिला कळेना, "माझे वडील आहेत ते. मला कळायला नको? पुढच्या महिन्यापासून तुम्ही इथे राहायचं की नाही, हे मी ठरवायचंय. काय लिहून घेता तुम्ही त्यांच्याकडून?"

तात्या ताठ उभा राहिला. तो जुना सैनिक असल्याचं तेव्हा पहिल्यांदाच दिसलं.

"तुम्ही म्हणाल तर मी जाईल," तो म्हणाला. "पण वही नाही देईल."

"तो नाही द्यायचा," अण्णा एकदम म्हणाले. "त्याला फार मोठ्या लोकांनी विचारून झालंय." त्यांचा आवाज लख्ख होता, कारखान्यातल्या पाळीला हाक मारणारा. "एक्याऐंशी साल. ह्यांच्या देशात सैन्याचा कायदा लागला. हा कॅप्टन, सत्तावीस वर्षांचा. वरचे म्हणाले, तुझे कोण कोण मित्र सरकारच्या विरोधात आहेत, नावं लिही. कोरा कागद पुढे ठेवला. ह्याने कोराच परत दिला. आठ वर्षं आडगावच्या गोदामात तंबू मोजत बसवला त्याला. मग सरकार बदललं, नवे लोक म्हणाले, हा माणूस तोंड मिटून ठेवतो, ह्याला वकिलातीत घ्या." अण्णा थांबले. "म्हणून म्हटलं, सांगायचं तर ह्यालाच सांगावं. हा नावं सांगत नाही."

चाळीस वर्षांपूर्वीचं परदेशातलं सालसुद्धा अण्णांना बरोबर आठवत होतं. नीरजाला जरा हायसं वाटलं, आणि तेवढ्यात अण्णा म्हणाले, "दे, तात्या. दे त्यांना."

तात्याने वही उघडून टेबलावर ठेवली. मोठी मोठी, शाळेतल्या मुलासारखी देवनागरी अक्षरं. मच्छिंद्र वाकले. त्यांचे ओठ हलत होते.

"मच्छिंद्र. समोर राहतो. सेक्रेटरी. आवाज मोठा. मन बरं. मला दोनदा घरी आणलं, कुणाला बोलला नाही."

मच्छिंद्रांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खाली लिहिलं होतं: "वेणूबाई. सकाळी येते. बांगड्या वाजतात." मग दुधाचं दुकान, कोपऱ्यावरचं वळण, बिल्डिंगचं नाव.

पहिल्या पानावर एकच नाव होतं. खाली दोनदा रेघ मारलेली. "नीरजा. मुलगी. शिवणयंत्र. उजव्या भुवईवर वण. लहानपणी झोपाळ्यावरून पडली."

नीरजाचा हात आपोआप भुवईवर गेला. अगं, ठेव तिथे. अगं, चहा टाक. अगं, ऐकलंस का. आईलाही अण्णांनी जन्मभर "अगं" म्हणूनच हाक मारली, तेव्हा त्यात वेगळं ते काय वाटणार? त्यांच्या तोंडून आपलं नाव शेवटचं कधी ऐकलं, ते ती आठवू लागली. गणपतीत? त्याच्याही आधी?

"वय झालं की होतंच हो असं," मच्छिंद्र घाईघाईने म्हणाले. "मलासुद्धा चष्मा सापडत नाही, डोळ्यांवर असतो तरी. त्यात काय एवढं, अण्णा!"

"होतंच की," नीरजाही म्हणाली. "जरा झोप कमी झाली असेल."

"गप रे, दोघंही," अण्णा म्हणाले. त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर आपला पंजा ठेवला, बघायचा मोह होऊ नये तसा. मग नीरजाच्या चेहऱ्याकडे, भुवईवरच्या त्या वणाकडे खूप वेळ पाहिलं.

"अगं," ते म्हणाले, "तू माझी मुलगी आहेस, एवढं मला कळतं. तुझं नाव मला आठवत नाही."