एक्केचाळिसावी वीट

माझा किल्ला रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी लुटला जायचा. एकला नाही, सव्वाला नाही. मी डबा उघडून पहिला घास तोंडात घालते न घालते तोच फोन कोकलायचा, ‘तुमच्यावर हल्ला झाला आहे!’ धान्य गेलं, लाकूड गेलं, दगड गेला. लुटणाऱ्याचं नाव ‘अनोळखी’. मेल्याला अख्ख्या गेममध्ये दुसरा किल्लाच दिसत नव्हता.

मीही काही हातावर हात ठेवून बसणारी नाही. कोण लुटून गेलं ते गेम दाखवतो आणि खाली ‘सूड घ्या’ असं लाल बटण देतो. असलं बटण खऱ्या आयुष्यात नाही हे बरं आहे, नाहीतर माझं बोट त्याच्यावरच असतं. अनोळखीनं लुटलं की दोनच्या ठोक्याला मी त्याचं कोठार साफ करायची आणि मग शांतपणे कोटाला खडू लावायची.

कोट म्हणजे, आमचं कोट-पँट शिवायचं दुकान आहे. कटिंग माझं, मशीनवर नवरा, आणि गिऱ्हाइकाचं माप घेणं, काजं-बटणं, शेवटचा हात हे सगळं वन्संचं, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचं. सोळा वर्षं आम्ही तिघं एकाच टेबलाभोवती. गेमचं वेडही वन्संनीच लावलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी मिळून परक्या किल्ल्यांवर धाड घालायचो आणि नवरा म्हणायचा, “दोन दरोडेखोर पोसतोय मी.”

मग बँकेतल्या साहेबांचा कोट आला. निवृत्तीच्या समारंभात घालायचा होता. ट्रायलला अंगात घातला तर असा लोंबला की साहेबांनी तो कुणाकडून मागून आणलाय असं वाटावं. माझ्या नाकावर राग बसलेलाच असतो. साहेबांसमोरच मी म्हणाले, “वन्सं, माप घेताना लक्ष कुठं होतं तुमचं? फोनवर?”

वन्संनी आपली डावखुरी कात्री खिळ्याला अडकवली, चष्मा पर्समध्ये टाकला आणि गेल्या. त्या दिवशी गेममधल्या आमच्या गटातूनही बाहेर पडल्या. फोन केला तर उचलेनात. त्याच आठवड्यात अनोळखीच्या धाडी सुरू झाल्या.

चौथ्या दिवशी टेबल आवरताना त्यांची मापाची टेप हाताशी आली. नवी होती, साहेबांचं माप घेण्याच्या आदल्याच दिवशी घेतलेली. कशी कोण जाणे, माझ्या जुन्या टेपशेजारी ती पसरली गेली. माझ्या टेपवरचा चाळीसचा आकडा त्यांच्या एक्केचाळीसपाशी येत होता. सोळा वर्षं मी माझी ओढून ओढून वापरली, ताणली गेली होती ती. वन्संनी साहेबांच्या छातीचं माप चाळीसच मोजलं होतं आणि चाळीसच लिहिलं होतं. कापड जास्त कापलं मीच.

मी काय केलं सांगू? माझी टेप खणात टाकली आणि कुलूप लावलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. लाज वाटली मला, दुसरं काय.

वन्संचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दोनदा गेले आणि दोनदा दारातून परत आले. भांडायचं असलं की मला शब्द शोधावे लागत नाहीत. माफी मागायची म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते.

अशात एक दिवस नवरा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, “ताई एक तारखेपासून मोठ्या चौकातल्या दुकानात बसणार आहे. कायमची.”

“बसू देत की,” मी म्हणाले. पण हातातला घास डब्यात परत ठेवला. एक तारखेला तीन दिवस उरले होते.

तेवढ्यात फोन कोकलला. एक दहा. म्हटलं, आज बघूच या मेल्याला. झालेला हल्ला गेममध्ये पुन्हा बघता येतो. मी आजवर रागाच्या भरात कधी बघितलाच नव्हता. बघितला आणि डबा तसाच राहिला. सैनिक सगळे डावीकडून उतरत होते, एकामागून एक, बोटभर अंतर सोडून, अगदी सरळ रेषेत. बाहीला टाचण्या लावाव्यात तसे. अशा टाचण्या जगात एकच बाई लावते.

म्हणजे माझ्याशी न बोलणाऱ्या वन्सं रोज, बरोबर आमच्या जेवणाच्या वेळेला, माझ्याकडे येत होत्या! मला हसू आलं आणि डोळेही भरले. नवरा म्हणाला, “तिखट लागलं का?”

शत्रूला निरोप पाठवायची सोय त्या गेममध्ये नाही. मग मी माझ्या किल्ल्याची तटबंदी पाडली. कोठारं उघड्यावर ठेवली. भिंतीच्या विटा घेऊन मधल्या मैदानात दोन रांगा लावल्या, एकीशेजारी एक. पहिलीत चाळीस विटा, दुसरीत एक्केचाळीस. आणि संरक्षणाची ढाल काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून उभी दुनिया मला लुटून गेली. लुटल्यावर गेमला दया येते, तो आपणहून ढाल देतो. मी ती काढायची, की पुढचा हजर. सूड घेऊन घेऊन साठवलेलं धान्य गेलं. नववी पातळी गाठणार होते मी! एक दहा झाले, दीड झाला. सगळे चोर आले, माझा चोर आला नाही.

तिसऱ्या दिवशी डबाही उघडला नाही. घड्याळाकडे बघत बसले. वाटलं, संपलं. आता चौकातल्या त्या चकचकीत दुकानात वन्सं दुसऱ्याच कुणाच्या कोटाला काजं करणार, आणि मी जन्मभर टेप लपवून बसणार.

एक दहा. फोन वाजला.

‘अनोळखीचा हल्ला. लूट शून्य. नुकसान: भिंतीची एक वीट.’

पुन्हा लावून बघितला. डावीकडून एकच सैनिक आला. समोर उघडं कोठार होतं, तिकडे फिरकलासुद्धा नाही. लांब रांगेच्या टोकाला गेला, एक्केचाळिसावी वीट फोडली आणि परत गेला. दोन्ही रांगा बरोबर झाल्या. मी टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडले. नवऱ्यानं मशीन थांबवलं आणि मग त्याला सगळं सांगितलं.

एक तारखेला सकाळी दुकान उघडलं तर वन्सं पायरीवर उभ्या. आत आल्या, पर्स ठेवली आणि हात पुढे केला.

“तुझी ती जुनी टेप दे.”

मी खण उघडून दिली. “चुकलं माझं, वन्सं.”

“मला काय सांगतेस? मला माहीतच होतं. मी चाळीस मोजलं होतं.” त्यांनी टेप टेबलावर ठेवली. “गिऱ्हाइकासमोर बोललीस, गिऱ्हाइकासमोर सांग.”

साहेबांना फोन लावला. स्पीकर सुरू ठेवला. मी सांगितलं, “साहेब, त्या दिवशी कोट बिघडला तो माझ्यामुळे. माप बरोबर होतं. वन्संचं माप सोळा वर्षांत कधी चुकलं नाही.” साहेब म्हणाले, “अहो, मला वाटलं मीच बारीक झालो! घरी सगळ्यांना सांगून बसलोय.”

वन्सं खुदकन हसल्या. तेवढ्यात नवऱ्यानं अक्कल पाजळली, “ताई, त्या टेपचा इंचभर तुकडा कापून टाकला तर चालेल ना ती?”

आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं.

“सोळा वर्षं बसलाय हा इथं,” वन्सं म्हणाल्या.

“तुमचाच भाऊ,” मी म्हणाले.

त्यांनी खिळ्यावरची कात्री काढली. दोन पाती उघडून बघितली. “तेल दिलंयस?”

“रोज.”

त्यांनी चष्मा लावला आणि काजांना बसल्या. दुपारी मी दोघींचे डबे उघडले, पहिला घास घेतला आणि फोन कोकलला. उरलंसुरलं धान्य साफ! टेबलाच्या पलीकडे वन्संचा डावा अंगठा अजून फोनवरच होता.

“वन्सं! माफी मागितली ना मी?”

“माफी वेगळी,” त्या घास चावत म्हणाल्या, “धान्य वेगळं.”