तंबूत शिरलेला ससा

तंबूच्या बायकांच्या भागात मी बाळाला पाजत बसले होते. तेवढ्यात एक ससा धापा टाकत आत शिरला आणि माझ्या झग्याच्या घोळात दडला. मागोमाग माझा दीर मुतइब शिकारी कुत्रे घेऊन दाराशी आला.

"वहिनी, बाहेर काढा त्याला. माझी शिकार आहे ती."

"आसऱ्याला आलेल्याला आपण कुणाच्या हाती देत नसतो, भाऊजी."

"तो रिवाज माणसांचा! ससा कसला पाहुणा?"

"मागच्या थंडीत सूड घ्यायला माणसं तुमच्या मागे लागली, तेव्हा तुम्हीही असेच थरथरत इथे शिरला होतात. तेव्हाही मी तुम्हाला त्यांच्या हाती दिलं नव्हतं."

कुत्रे गुरगुरले. बाळ दचकून रडलं. त्याला छातीशी घट्ट धरून मी तिथेच बसून राहिले.

मुतइबने कुत्र्यांना दोरी लावली. "निदान पाहुण्याला पाणी तरी पाजा," असं पुटपुटत तो गेला.